खड्ड्याआधीची हवा

टायर आणि सस्पेन्शनचं काम करणाऱ्या गॅरेजचं वर्ष पंचांगाप्रमाणे चालतं. ज्येष्ठात पहिल्या सरी आल्या की वायपरच्या आणि ब्रेकच्या तक्रारी येतात. आषाढ सरता सरता पंक्चर, वाकलेल्या रिम आणि बाजूला फुगा आलेले टायर येऊ लागतात. गणपतीला कोकणात जाऊन आलेल्या गाड्या खालून कटकट करत आत शिरतात. दिवाळी उलटली, हवा कोरडी झाली, रस्त्यांवर नवं डांबर पडलं, की आतल्या कडेने खाल्लेले टायर घेऊन गाड्या उभ्या राहतात. ऋतू बदलतो, दुखणं बदलतं, पण गाडीवाल्याचं वाक्य एकच असतं: “काय करणार, खड्डाच तसा होता.” या कामात राहिलेल्या माणसाला हे वाक्य पटत नाही. एकाच रस्त्याने, एकाच आठवड्यात, एकाच मॉडेलच्या दोन गाड्या जातात. एकीच्या रिमला चीर पडते, दुसरीला नुसता दणका बसतो. खड्डा तोच, गाडी तीच. फरक असतो तो टायरमधल्या हवेत, वेगात आणि चालवणाऱ्याच्या उजव्या पायात. म्हणून माझं म्हणणं असं आहे की खड्ड्याने गाडीचं किती नुकसान होणार, हे बहुतेक वेळा चाक खड्ड्यात पडण्याआधीच ठरलेलं असतं, आणि ते ठरवणाऱ्या गोष्टी मोठ्या खर्चाच्या नाहीत.

आधी खड्डा म्हणजे काय ते नीट पाहायला हवं. थंड देशांत हिवाळ्यात रस्ता फुटतो, कारण भेगांत शिरलेलं पाणी गोठताना साधारण ९ टक्क्यांनी फुगतं आणि वितळल्यावर तिथे पोकळी उरते. आपल्याकडे बर्फ नाही, तरी गुन्हेगार तोच आहे: पाणी. डांबराच्या थरात बारीक भेग पडते, तिच्यातून पाणी खाली झिरपतं, खडी आणि डांबर यांची पकड सुटते, खालचा मुरूम आणि माती मऊ होते. वरून प्रत्येक चाक जाताना ते पाणी पंपासारखं दाबलं जातं आणि बारीक माल घेऊन बाहेर उसळतं. आतून पोखरलेला थर मग एक दिवस खचतो. दख्खनच्या पठारावर जिथे खाली काळी माती आहे, तिथे ती पाण्याने फुगते आणि उन्हात आकसते, त्यामुळे वरचा रस्ता आणखी लवकर तडकतो. ही प्रक्रिया समजून घेण्याचं कारण एवढंच की अशा खड्ड्याला उतार नसतो, त्याला कडा असते. तुटलेल्या डांबराची उभी कडा, बुजवायला टाकलेल्या पेव्हर ब्लॉकचा कोपरा, काँक्रीट आणि डांबर जिथे भेटतात तिथली पायरी, हीच गाडीला मारते. चाक खाली पडतं तेव्हा फारसं काही होत नाही. ते बाहेर येताना समोरच्या कडेवर आदळतं, तेव्हा सगळं होतं.

त्या क्षणी कडा आणि रिमचा धातू यांच्यामध्ये असतं फक्त टायरचं रबर आणि त्यातली हवा. हवा पुरेशी असेल तर टायर थोडा दबतो आणि आघात पसरवून टाकतो. हवा कमी असेल तर टायर इतका दबतो की त्याची बाजूची भिंत कडा आणि रिम यांच्या कात्रीत सापडते. त्या भिंतीत दोऱ्यांचे थर असतात. सगळा ताण तेच पेलतात. ते आतल्या आत तुटले तरी वरचं रबर शाबूत दिसू शकतं, हवाही जात नाही. दोन-चार दिवसांनी तिथे लिंबाएवढा उंचवटा दिसू लागतो, त्यालाच आपण फुगा म्हणतो. बोटाने दाबला तर आजूबाजूच्या भिंतीपेक्षा मऊ लागतो, कारण तिथे हवेला अडवायला आता फक्त रबराचा पापुद्रा उरलेला असतो. या फुग्याला पॅच लागत नाही, ट्यूब टाकून तो बरा होत नाही, आणि “मागच्या चाकाला लावतो, हळू चालवतो” हा उपाय नाही. असा टायर द्रुतगती मार्गावर तापला की कधी फुटेल हे कोणीच सांगू शकत नाही. तो काढायलाच हवा, गाडीचा वेग कितीही कमी असो.

आता हवेचा हिशेब मांडू. चांगल्या टायरमधूनही महिन्याला साधारण १ पीएसआय हवा आपोआप कमी होते. शिवाय तापमान ५-६ अंशांनी उतरलं की आणखी १ पीएसआय उतरतो. नाशिक किंवा पुण्याकडे मे महिन्याच्या दुपारी, पारा चाळिशीला टेकलेला असताना भरलेली हवा जुलैच्या बावीस अंशांच्या सकाळी नुसत्या गारव्यानेच तीनेक पीएसआय कमी भरते, आणि मधल्या दोन महिन्यांची गळती वेगळी. म्हणजे रस्त्यांना खड्डे पडायला लागतात नेमके तेव्हाच, कोणी काहीही न करता, टायर पाचेक पीएसआयने मऊ झालेला असतो. परदेशात स्थायिक झालेल्यांना हाच फरक आणखी तीव्रतेने जाणवतो. टोरांटोत २० अंशांवर भरलेली हवा उणे १० अंशांना ५ पीएसआयने खाली येते. उपाय साधा आहे. किती हवा हवी हे चालकाच्या दाराच्या खांबावरच्या स्टिकरवर लिहिलेलं असतं, चार-पाच माणसं आणि सामान असताना किती हवी तेही वेगळं दिलेलं असतं. सकाळी गाडी गार असताना, पंधरा दिवसांतून एकदा, ती मोजून भरायची आणि त्याच वेळी स्टेपनीचीही भरायची. नायट्रोजन भरला म्हणजे हे टळतं असा समज आहे. पण साध्या हवेतच ७८ टक्के नायट्रोजन असतो. गळती थोडी कमी होईल, मोजणं टळणार नाही.

यावर अनेक अनुभवी चालक एक आक्षेप घेतात: हवा दोन-चार पीएसआय कमी ठेवली की गाडी मऊ चालते, खड्डे कमी बसतात. बसणाऱ्याच्या पाठीला ते खरंच वाटतं, कारण बारीक खडबड मऊ टायर गिळून टाकतो. पण खडबड आणि खड्डा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. खडबडीवर जो मऊपणा सुख देतो तोच खोल कडेवर रिमला उघडं पाडतो, आणि पाण्याने भरलेल्या रस्त्यावर टायरच्या नक्षीला पाणी बाजूला सारणं अवघड करतो. उलट टोकाला जाऊन टायर टणक फुगवणंही चूकच. मग तो दबतच नाही आणि सगळा दणका बेअरिंग, बुश आणि शॉकॲब्सॉर्बरला जातो. कंपनीने स्टिकरवर दिलेला आकडा गाडीचं वजन, टायरचा आकार आणि स्प्रिंग यांचा मेळ घालून ठरवलेला असतो. आपल्या पाठीच्या अंदाजाने तो बदलू नये.

हवेइतकीच महत्त्वाची आहे रबराची उंची, आणि इथे आपण पदरचे पैसे घालून संरक्षण कमी करून घेतो. टायरवर १८५/६५ आर १५ असं लिहिलेलं असतं. त्याचा अर्थ रुंदी १८५ मिलिमीटर, बाजूच्या भिंतीची उंची त्या रुंदीच्या ६५ टक्के, आणि रिम १५ इंची. म्हणजे भिंत झाली साधारण १२० मिलिमीटर. गाडी रुबाबदार दिसावी म्हणून तीवर १६ इंची अलॉय आणि १९५/५५ चा टायर चढवला की भिंत उरते १०७ मिलिमीटर. दोन्ही चाकांची बाहेरची उंची जवळजवळ सारखीच, साधारण ६२१ मिलिमीटर. याचा अर्थ चाक मोठं झालं नाही. रबर आणि हवा काढून त्यांच्या जागी धातू भरला. गेलेले १३ मिलिमीटर डोळ्याला कमी वाटतात, पण कडेवर आदळताना तेच मध्ये असायला हवे होते. शिवाय लोखंडी रिम बहुधा वाकते आणि तिचं दुखणं दिसतं. अलॉयला बारीक चीर जाऊ शकते, ती आतल्या बाजूने असली तर चाक काढल्याशिवाय कळत नाही. चीर गेलेलं अलॉय वेल्डिंग करून परत लावण्याचा आग्रह धरू नये. ज्या रस्त्यांवर रोज गाडी चालवायची त्यांचा विचार करून चाकं निवडावीत. मुंबई-गोवा महामार्ग, घोडबंदर रोड किंवा भिवंडीचा पट्टा रोजचा असेल, तर कंपनीने दिलेल्या आकारांतली सर्वांत उंच भिंत हीच खरी श्रीमंती.

मग प्रश्न येतो वेगाचा आणि ब्रेकचा. वेग ३० चा ६० झाला की गाडीतली ऊर्जा दुप्पट होत नाही, चौपट होते, आणि कडेवर आदळणाऱ्या चाकाला तिचाच वाटा सोसावा लागतो. यावर ठरलेला प्रतिवाद असतो की वेगात गेलं की चाक खड्ड्यात पडतच नाही, वरून उडून जातं. त्यात थोडं तथ्य आहे. ताशी ६० किलोमीटरने अर्धा मीटर लांबीचा खड्डा ओलांडायला ०.०३ सेकंद लागतो, तेवढ्यात चाक फार खाली जात नाही. पण ते नुसतं वजनाने पडत नसतं. दबलेली स्प्रिंग त्याला खाली ढकलत असते. आणि आपल्याकडचे खड्डे अर्ध्या मीटरचे क्वचितच राहतात. एक-दोन मीटर लांब, एकात एक मिसळलेले असतात. अशा ठिकाणी चाक तळाला पोचतं आणि पूर्ण वेगाने समोरच्या कडेला धडकतं. पाण्याने भरलेल्या खड्ड्याची तर लांबीही कळत नाही, खोलीही नाही, त्यामुळे उडून जाण्याचा हिशेब अंधारातला जुगार ठरतो. वेगापेक्षाही मोठी चूक ब्रेकची होते. खड्डा दिसला की उजवा पाय दाबला जातो आणि खड्ड्यातून बाहेर येईपर्यंत दाबलेलाच राहतो. ब्रेक दाबला की गाडीचं वजन पुढे झुकतं, पुढच्या स्प्रिंग आधीच दबतात, म्हणजे दणका गिळायला त्यांच्याकडे जागाच उरत नाही. त्यात अडखळलेलं चाक कडेवरून गुंडाळत चढत नाही, तिला जाऊन ठोकतं. ब्रेक खड्ड्याच्या आधी लावायचा आणि चाक कडेवर जाताना सोडून द्यायचा. एवढी एक सवय पुढच्या सस्पेन्शनचं आयुष्य वाढवते.

“हळू जायला वेळ कुणाकडे आहे?” हा प्रश्न रास्त वाटतो, म्हणून त्याचंही गणित करू. दहा किलोमीटरचा वाईट पट्टा ताशी ५० ने बारा मिनिटांत जातो, ताशी ३० ने वीस मिनिटांत. फरक आठ मिनिटांचा. दोन टायर आणि एक रिम बदलायला लागणारा दिवस, आणि त्याचं बिल, या आठ मिनिटांसमोर ठेवून पाहावं. त्याहून महत्त्वाचं म्हणजे पुढच्या गाडीपासून अंतर. पुढच्याच्या बंपरला चिकटून चालणाऱ्याला खड्डा दिसतो तो चाकाखाली गेल्यावरच. अंतर ठेवलं तर खड्डा तर दिसतोच, पुढची गाडी कुठे खाली बसली, कुठे वळली, हेही कळतं. आणि एक गोष्ट अगदी कळकळीने सांगायची आहे: खड्डा चुकवण्यासाठी शेवटच्या क्षणी स्टिअरिंग झटकू नये. आपल्या बाजूला कोणीतरी दुचाकीवर असतं, मागे मूल बसलेलं असतं, आणि तो माणूस स्वतःही तोच खड्डा चुकवत असतो. हळू असाल तर खड्डा सरळ घ्या. टायर विकत मिळतो.

दणका बसून गेल्यावर जे नुकसान होतं ते मला जास्त बोचतं, कारण ते पूर्णपणे टाळता येण्यासारखं असतं. गाडी चालते आहे म्हणजे सगळं ठीक आहे, असं आपण धरून चालतो. पण कडेच्या दणक्याने चाकाची दिशा किंचित बदललेली असते. समजा एका चाकाच्या पुढच्या आणि मागच्या कडेत फक्त एक मिलिमीटरचा फरक पडला. ६२० मिलिमीटर व्यासाच्या चाकाला याचा अर्थ होतो प्रत्येक किलोमीटरमागे साधारण १.६ मीटर आडवं फरफटणं. दहा हजार किलोमीटरला सोळा किलोमीटर. टायर आतून खाल्ला जातो तो असा, आणि आतली कड उभ्या गाडीत दिसतच नाही. म्हणूनच पावसाळ्यातल्या खड्ड्याचं बिल दिवाळीनंतर येतं, रस्ता गुळगुळीत झाल्यावर, जेव्हा त्या खड्ड्याची आठवणही राहिलेली नसते. गाडी रॅम्पवर चढवून टॉर्च मारली की बाकीची साखळी दिसते. लोअर आर्मच्या बुशचं रबर चिरलेलं असतं. टॉमीने हलकेच रेटलं तरी आर्म बोटभर सरकतो. बुश सैल म्हणून चाक ठरलेल्या रेषेत राहत नाही, म्हणून टायर घासतो, म्हणून स्टिअरिंग थरथरतं, म्हणून टाय रॉड एंड आणि बॉल जॉइंटवर ताण येतो. ॲक्सलचं रबरी बूट फाटलं असेल तर ग्रीस बाहेर आणि चिखल आत, मग अख्खा जॉइंट जातो. सुरुवातीला बदलायचं असतं ते रबराचं एक छोटं बुश किंवा बूट. दुर्लक्ष झालं की त्याच्याभोवतीचं सगळं बदलावं लागतं.

ही साखळी तोडायला मोठं ज्ञान लागत नाही, फक्त गाडी काय सांगते ते ऐकावं लागतं. सपाट रस्त्यावर गाडी एका बाजूला ओढते किंवा सरळ जाताना स्टिअरिंग वाकडं राहतं, म्हणजे अलाइनमेंट पाहायला हवी. ठरावीक वेगाला, बहुधा ऐंशीच्या पुढे, स्टिअरिंग थरथरतं, म्हणजे बॅलन्सिंग बिघडलं किंवा रिम वाकली. गतिरोधकावर कटकट येते, म्हणजे लिंक रॉड किंवा बुश. वेगाबरोबर वाढत जाणारी घरघर, म्हणजे बेअरिंग. मोठ्या दणक्यानंतर गाडी सुरक्षित जागी थांबवून चारही टायरच्या बाजू पाहाव्यात आणि खाली तेल ठिबकतंय का ते पाहावं. इंजिनचा ऑइल चेंबर फुटला आणि तेलाचा लाल दिवा लागला, तर इंजिन त्याच क्षणी बंद करायचं. “पुढच्या गॅरेजपर्यंत नेतो” या दोन किलोमीटरमध्ये इंजिन जाम होतं. आणि पाऊस संपल्यावर, आवाज येवो न येवो, एकदा चाकं काढून तपासणी, अलाइनमेंट आणि खालच्या बाजूचा चिखल धुणं हे ठरवूनच करावं. टायरच्या नक्षीची खोली १.६ मिलिमीटरपर्यंत आली की तो कायद्यानेही संपलेला असतो. पावसात त्याआधीच बदललेला बरा.

काही जण म्हणतात, एवढं कशाला, उंच एसयूव्ही घेतली की प्रश्न मिटला. उंचीने चेंबर आणि बंपर वाचतात, हे मान्य. पण टायर जमिनीलाच टेकलेला असतो, उंच गाडीचाही. ती गाडी जड असते, दणकाही जड बसतो, आणि उंचीमुळे येणारा निर्धास्तपणा वेग वाढवतो. इलेक्ट्रिक गाड्यांत तर जड बॅटरी मजल्याखाली असते, तिथे खालून लागलेला मार फार महागात पडू शकतो. दुसरे म्हणतात, विमा आहे ना. विम्याच्या ठरलेल्या मजकुरात मात्र नुसता टायर गेला तर भरपाई नाही; गाडीचंही नुकसान झालं असेल तरच टायरची, तीही बदलण्याच्या खर्चाच्या निम्म्यापर्यंत. झीज आणि यांत्रिक बिघाड त्यात येतच नाहीत, म्हणजे हळूहळू गेलेलं बुश आणि आतून खाल्लेला टायर आपल्याच खिशातून. वर दावा केला की नो क्लेम बोनस जातो, जो वर्षांगणिक वाढत ५० टक्क्यांपर्यंत पोचलेला असू शकतो. टायरसाठी वेगळं कवच घेता येतं. घेताना अटी वाचाव्यात. पण विमा पैसे परत करतो, घाटात फुटलेला टायर परत जोडत नाही.

सर्वांत वजनदार आक्षेप शेवटी घेतो: रस्ते नीट ठेवणं सरकारचं काम, कर आम्ही भरायचा आणि सांभाळूनही आम्हीच चालवायचं का? हा राग योग्य आहे. चांगला रस्ता हा जगण्याच्या हक्काचा भाग आहे, असं मुंबई उच्च न्यायालयाने स्पष्ट म्हटलं आहे, आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये खड्ड्यामुळे मृत्यू झाल्यास वारसांना ६ लाख, जखमींना ५० हजार ते अडीच लाख रुपये भरपाई ठरवून दिली आहे. २०१५ मध्ये मुंबईत खड्ड्यामुळे मुलगा गमावलेले दादाराव बिल्होरे तेव्हापासून स्वतःच्या हाताने खड्डे बुजवत आले आहेत. त्यांच्याकडे पाहून कोणत्याही यंत्रणेला लाज वाटायला हवी. तेव्हा तक्रार करा, फोटो काढा, तारीख-वेळ नोंदवा, पाठपुरावा सोडू नका. पण हक्क मागणं आणि गाडी जपणं यांत विरोध नाही. तक्रारीची सुनावणी होईल तेव्हा होईल. चाक आज फिरणार आहे. जपून चालवणं म्हणजे खड्ड्याला माफी देणं नव्हे. आपल्या गाडीत बसलेल्यांची आणि शेजारून जाणाऱ्यांची ती आपली जबाबदारी आहे, आणि ती कोणत्याही खात्याकडे सोपवता येत नाही.

म्हणून एवढंच मागणं आहे. पंपावर हवा मोफत मिळते, ती देणं पंपांवर बंधनकारक आहे. उद्या सकाळी गाडी गार असताना दाराच्या खांबावरचा आकडा वाचा, घराजवळच्या पंपावर जा आणि चारही चाकांची हवा समोर उभं राहून भरून घ्या. पाचवी स्टेपनीची.